खंयपर्यंत गेली?

“हात लावू नको, ओली आसा.”

मास्तरांचं हे वाक्य आमच्या वाडीतल्या प्रत्येकाने लहानपणी ऐकलेलं आहे. शाळेच्या दारात पोर उभं राहो की सरपंच, आतून हे वाक्य यायचंच. मूर्ती सुकून खडखडीत झालेली असली तरी यायचं. एकदा मी चहाचा पेला ठेवायला स्टुलाकडे हात नेला, तर स्टुलाबद्दलही तेच म्हणाले आणि मग स्वतःच हसले.

शाळा म्हणजे गणपतीची शाळा. आमच्या मालवणकडे गणपती ज्या मांगरात, म्हणजे घराशेजारच्या खोपटात, घडवतात त्याला शाळा म्हणायची पद्धत आहे. शाळा चालवणारे म्हणून हे मास्तर. स्वतः चौथीच्या पुढे गेले नव्हते, पण खऱ्या शाळेतले गुरुजी भेटले की त्यांना हमखास ऐकवायचे, “माझी मुलां बघा कशी गप बसतत.” आता त्या मांगराला कुलूप आहे आणि दारावर भोपळीचा वेल चढलाय. मास्तर गेले. त्यांच्यासारखा एखादा माणूस तुमच्याही शेजारी असेल, ज्याच्या घरात कोणी नसतं आणि दारात मात्र सतत कोणीतरी उभं असतं. म्हणून हे सांगते आहे.

मी त्यांची शेजारीण. बाजारात माझी रक्त-लघवी तपासायची लहानशी लॅब आहे. मास्तरांची बायको लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेली, मूलबाळ नव्हतं. मूळ घर फोंडाघाटाच्या अलीकडे एका गावात, तिथे थोरले भाऊ, दादा. कुटुंबाचा गणपती त्या मूळ घरातच बसायचा, त्यामुळे गावभर गणपती पुरवणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या घरात गणपती नसायचा. चतुर्थीच्या आदल्या दिवशी दादा टेम्पो घेऊन यायचे. मास्तर मूळ घराची मूर्ती मांडीवर घेऊन पुढे बसायचे आणि विसर्जन होईपर्यंत तिकडेच राहायचे. वर्षातले तेवढेच दिवस ते माणसांत जेवत.

बाकीच्या वर्षभरात त्यांना माणसं मिळायची ती पाटांमुळे. आमच्याकडे ज्याचा त्याचा पाट ठरलेला असतो. आषाढ संपता संपता घरातला पाट धुऊन शाळेत न्यायचा, त्याच पाटावर मूर्ती घडते आणि त्याच पाटावरून घरी येते. पाटाच्या मागे नाव लिहायची मास्तरांना गरज नव्हती. फणसाचा कोणाचा, सागाचा कोणाचा, कोपरा कोणाचा तुटलेला, सगळं पाठ. पाट आणणारा माणूस थोडा वेळ बसायचा, चहा व्हायचा, कोणाच्या मुलाला मुंबईत नोकरी लागली, कोणाची म्हैस व्याली, हे सगळं तिथे कळायचं. पाट घेताना मास्तर तो कपाळाला लावत आणि म्हणत, “पाट घेतलो म्हणजे शब्द दिलो.”

तर एका वैशाखात मास्तर माझ्या लॅबमध्ये आले. लोक लघवी कशाकशातून आणतात हे मी सांगू नये आणि तुम्ही ऐकू नये. खोकल्याच्या औषधाच्या, अत्तराच्या, एकाने तर कोकमाच्या सरबताची बाटली आणली होती, आणि ती मदतनीस मुलीने फ्रिजमध्ये ठेवली होती. मास्तरांनी आणली ती रंगाची बाटली. आत गुलाबी पाणी.

“मास्तरांनू, बाटली धुवन तरी हाडूची.”

“धुतलंय. तांबडो रंग उरलो आसतलो बुडाक.”

मी त्यांना चांगली बाटली दिली आणि मागच्या बाजूला पाठवलं. ते परत आले तेव्हा बाटलीतलं पाणी पहिल्यापेक्षा तांबडं होतं. दुखत नव्हतं, जळजळ नव्हती, ताप नव्हता. मी काच सूक्ष्मदर्शकाखाली धरली. सगळीकडे रक्तपेशी, दुसरं काही दिसेचना. दुखलं असतं तर मला बरं वाटलं असतं, कारण दुखून लघवीतून रक्त येण्यामागे खडा असतो, जंतू असतात, बरीच कारणं असतात. सत्तरीकडे आलेल्या, तरुणपणापासून विडी ओढणाऱ्या माणसाला काही न दुखता रक्त जाणं ही वेगळी गोष्ट आहे. मी त्यांना सोनोग्राफीला पाठवलं, आणि तिथून कोल्हापूरला. सोबत मी गेले. दुसरं कोणी नव्हतं, आणि दादांना कळवायला त्यांनी साफ नकार दिला.

कोल्हापुरात दुर्बिणीतून गाठ खरवडून काढली. तुकडे तपासून आले तेव्हा डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून कागदावर मूत्राशयाची भिंत काढून दाखवली. ते मी तुम्हालाही सांगते, कारण पुढचं सगळं त्या चित्रावर उभं आहे.

कॅन्सरची स्टेज म्हटली की लोक गाठीचा आकार विचारतात. मूत्राशयाच्या, म्हणजे लघवीच्या पिशवीच्या बाबतीत गाठ केवढी यापेक्षा ती भिंतीत किती खोल उतरली हे आधी बघतात. भिंतीला थर असतात. सगळ्यांत आत अस्तर, त्याखाली एक पातळ थर, मग स्नायू, आणि बाहेरून चरबी. गाठ अस्तरात किंवा त्या पातळ थरात असेल तर खरवडतात, पिशवीत औषध सोडतात, पुन्हा पुन्हा दुर्बीण घालून लक्ष ठेवतात, पण पिशवी सहसा जागेवर राहते. स्नायू म्हणजे मधला गडगा, दगडी बांधच. तो ओलांडायला सुरुवात केली की दुसरी स्टेज, आणि तिथे बहुतेक वेळा पिशवीच काढावी लागते. त्याच्याही पलीकडे चरबी, शेजारचे अवयव, लसीकाग्रंथी, फुप्फुसं, हाडं. तिथवरच्या स्टेजबद्दल डॉक्टर हळू आवाजात बोलतात.

“तुमची गाठ आक्रमक जातीची आहे,” डॉक्टर म्हणाले. “अस्तराखालच्या थरात उतरली आहे हे नक्की. पण खरवडलेल्या तुकड्यांत स्नायू आलेलाच नाही. त्यामुळे ती तिथपर्यंत पोचली की नाही, हे आज मी सांगू शकत नाही. काही आठवड्यांनी पुन्हा खरवडायला लागेल.”

मास्तर चित्राकडे बघत होते. “म्हणजे खंयपर्यंत गेली ता बघूक परत खरवडूची?”

“बरोबर.”

“मगे चवथ झाल्यार.”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. चतुर्थी अजून लांब होती. मी तिथेच भांडायला सुरुवात केली, बसमध्ये भांडले, घरी आल्यावर कुंपणावरून भांडले. मास्तरांचं उत्तर एकच. थोड्याच दिवसांत पाट यायला लागतील, मधेच कोल्हापूरला जाऊन पडून राहिलो तर माती कोण मळणार. पाट घेऊच नका म्हटलं तर माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी त्यांना दार लावून घ्यायला सांगत होते. पाट आले. त्यांनी ते कपाळाला लावून घेतले. मी डॉक्टरांना फोन करून हे सांगितलं तेव्हा त्यांना पाट म्हणजे काय तेच कळेना.

त्या श्रावणात मास्तर जोरात कामाला लागले. करंगळीच्या पेराने ते मूर्तीचा गाल, सोंडेचं वळण गुळगुळीत करत. ती सवय एवढी होती की बोलता बोलता खांबावरून, पेल्याच्या कडेवरून, समोरच्याच्या सायकलच्या सीटवरूनही करंगळी फिरायची. मधूनच उठून मागच्या दाराने बाहेर जायचे. परत आले की मी तोंडाकडे बघायची, आणि ते म्हणायचे, “आज स्वच्छ.” खोटं बोलतायत हे मला कळायचं.

खोटं बोलायचा त्यांचा एक नियम होता. मूर्तीचे डोळे सगळ्यांत शेवटी. डोळे उघडेपर्यंत मास्तर गिऱ्हाइकाला काय वाटेल ते सांगत. मुकुट वाळत घातलाय म्हणत, आणि मुकुट अजून मातीच्या गोळ्यात असायचा. डोळे रंगवले की मात्र, “तेंच्याम्होरे खोटा बोलूचा नाय,” असं म्हणून ते गप्पच बसत. चतुर्थी तोंडावर आली तेव्हा एका दुपारी त्यांनी मला शाळेत बोलावलं. सगळ्या मूर्तींचे डोळे झाले होते. बसायला जागा नव्हती, मी दारातच टेकले.

“आता हंय सांग. खोल गेलेली आसली तर काय करतत?”

“पिशवी काढतत.”

“आणि मगे लघवी?”

“आतड्याचो लहानसो तुकडो घेऊन पोटार वाट करतत. भायर एक पिशवी चिकटवतत, तेच्यात जमता. भरली की रिकामी करूची.”

“किती दिवस?”

“कायमची.”

त्यांनी कुंचला पाण्यात बराच वेळ हलवला. “म्हणजे माणूस कायमचो ओवळो,” म्हणाले. मला वाटलं गंमत करतायत, कारण सोवळ्या-ओवळ्याची सगळ्यांत जास्त टिंगल त्यांनीच केली होती.

चतुर्थी झाली. मास्तर मूळ घरी जाऊन आले आणि मग शब्दाप्रमाणे कोल्हापूरला आले. या वेळी तुकड्यात स्नायू आला, आणि स्नायूत गाठही होती. स्कॅनमध्ये बाहेर कुठे काही दिसलं नाही, तेवढं एक बरं. दुसरी स्टेज. आधी काही महिने सलाईनमधून औषधं, मग पिशवी काढायचं ऑपरेशन.

“ती तेव्हाच थंय गेलेली काय?” मास्तरांनी विचारलं. “की मी चवथ केली म्हणान गेली?”

“ते आता कोणीच सांगू शकणार नाही,” डॉक्टर म्हणाले. खरं होतं ते. पण त्यांनी दुसरं काहीही सांगितलं असतं तर मास्तरांनी ते जास्त हलक्या मनाने घेतलं असतं, असं मला आजही वाटतं.

परत येताना एसटी घाट उतरून फोंड्यात थांबली. तिथून मूळ घराचा फाटा जवळ. मास्तर खिडकीशी होते. मी म्हटलं, उतरूया, दादांना सांगूया. ते म्हणाले, “पुढच्या खेपेक.” त्यानंतर औषधांसाठी आमच्या कितीतरी खेपा झाल्या आणि प्रत्येक वेळी गाडी त्या फाट्यावरून पुढे गेली.

औषधं त्यांनी निमूट घेतली. केस गेले, तोंडाची चव गेली, विडी आपोआप सुटली. ऑपरेशनची वेळ आली तेव्हा मात्र अडून बसले. पडवीत बसायचे आणि नाही म्हणायचे. देवाला हात लावणाऱ्या माणसाच्या पोटावर मुताची पिशवी चालायची नाही. शेवटी मी त्यांना त्यांचंच बोलणं ऐकवलं.

“माझी पाळी होती म्हणान मी शाळेच्या भायर उभी रवलंय, तेव्हा तुमी काय म्हटलात? घराक जाऊन पूजा होयपर्यंत ती माती. येय भुतूर, म्हटलात.”

“तू बघूक येय होतंस. माका हात लावचो लागता.”

“मगे हात धुवा.”

समोरच्या माडावरून खार खाली आली, परत वर गेली. मग मास्तर माझ्याकडे न बघता म्हणाले, “लोक पाट हाडूचे नाय गो बाय.”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सोवळं-ओवळं हे नुसतं निमित्त होतं. गाठ स्नायूत गेली, चरबीत गेली, याची त्यांना मरणाएवढी भीती नव्हती. दारात पाट घेऊन कोणी उभं राहणार नाही आणि मग वर्षभर कोणीच उभं राहणार नाही, याची होती. मला इतकं वाईट वाटलं की मी घरी जाऊन उगाच सासूबाईंवर चिडले. दुसऱ्या दिवशी मी त्यांना म्हटलं, “माझो पाट मी घेऊन येतलंय. बाकीच्यांचा माका म्हायत नाय.” दोन दिवसांनी मास्तर कपड्यांची पिशवी भरून माझ्या दारात उभे होते.

ऑपरेशन मोठं होतं, पण निभावलं. या वेळी मी दादांना कळवलं होतं. ते आले. शहाळी घेऊन आले, बिचारे म्हातारे, जिने चढून दमलेले. भावाच्या पायावर हात ठेवून बसले. मग नर्स पोटावरची पिशवी रिकामी करायला आली, तेव्हा ते उठून बाहेर गेले आणि निघायच्या वेळीच परत आत आले. “बरो हो आता,” म्हणाले. त्यात वाईट काही नव्हतं. पुष्कळांना ते बघवत नाही.

मास्तर पिशवी बदलायला लवकर शिकले. चिकटपट्टीची कडा कातडीवर बसवताना करंगळी फिरवत, मातीवर फिरवायचे तशीच. “एक सुरकुती रवली की गळता,” मला सांगत. सैल सदरे शिवून घेतले. आणि आषाढ संपत आला तसं त्यांचं जेवण तुटलं.

मी माझा पाट घेऊन पहिली गेले. माझ्यामागून दोन दिवस कोणी आलं नाही, आणि मी देवाला नाही नाही ते बोलले. नंतर पाऊस जरा उघडला आणि पाट यायला लागले. कोणी काही विचारलं नाही. बोलली ती फक्त वाडीच्या टोकाची एक म्हातारी. पाट खाली ठेवून ती सरळ मास्तरांच्या पोटाकडे बघत म्हणाली, “तुमच्या गणपतीन पोटाक नाग बांधल्यान, तुमी पिशवी बांधलास. तेका कोण ओवळो म्हणता काय?” मास्तर हसले. त्यांचं ते हसणं मी कित्येक महिन्यांनी बघत होते.

सगळे पाट आले. मूळ घराचा आला नाही.

श्रावणाच्या मध्यावर दादांचा फोन आला. मी तिथेच होते, आवाज मोठा असल्यामुळे मलाही ऐकू येत होता. “औंदा तुका त्रास नको. आमी फोंड्याच्या बाजारातसून हाडताव. तू इसरांती घे,” असं ते म्हणत होते. आवाजात माया होती. मास्तर “बरा, बरा” म्हणत राहिले. फोन ठेवल्यावर मला म्हणाले, “वहिनी आसतली बाजूक. तिच्याम्होरे तसाच बोलूक लागता. दादा येतलो.”

आणि त्यांनी मूळ घराची मूर्ती करायला घेतली. साध्या फळीवर, पाटाशिवाय. इतक्या वर्षांत पाटाशिवाय त्यांनी एकही केली नव्हती. मी दोनदा बोलायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी शाळा रिकामी व्हायला लागली. छत्र्या, प्लास्टिकचे कागद, ‘मोरया’चा गजर. मास्तर प्रत्येक मूर्ती स्वतः उचलून देत होते, डॉक्टरांनी जड उचलू नका म्हटलेलं असूनही. चतुर्थीच्या सकाळी उरलेल्या गेल्या. मी माझी न्यायला आले तेव्हा मांगरात फळीवरची ती एकच राहिली होती. मास्तर धुतलेला सदरा घालून, त्यांची ती जुनी पत्र्याची बॅग शेजारी ठेवून बसले होते.

मी घरी जाऊन पूजेच्या गडबडीत पडले. थोड्या वेळाने कुंपणावरून पाहिलं तर मास्तर मूर्ती उचलून मांगरातून आपल्या घराकडे हळूहळू चालले होते. मी धावत गेले. एकदा घरात गणपती आणला की दरवर्षी आणावा लागतो, आणि वेगळा गणपती म्हणजे मूळ घरापासून वेगळं झाल्याचं सांगणं. हे आमच्याकडे शेंबड्या पोराला माहीत असतं.

“मास्तरांनू, विचार केलात?”

“शाळयेत एकटो कसो ठेवू तेका?” एवढंच म्हणाले आणि उंबरा ओलांडला.

आमची आरती आटोपली, नैवेद्य झाला, आणि मी मोदक झाकून त्यांच्याकडे निघाले. बाहेरूनच आवाज आला. मास्तर एकटेच आरती म्हणत होते. एका हातात आरतीचं ताट, म्हणून टाळ ते गुडघ्यावर वाजवत असावेत. जिथे बाकीच्यांनी ओढून धरायचं असतं तिथे ते थांबायचे, आणि मग पुढची ओळ स्वतःच घ्यायचे. मी दारात उभी राहिले. आत जाऊन सूर मिसळावा असं वाटलं, पण आरती संपेपर्यंत मी मोदक हातात धरून तिथेच राहिले.

आरती झाल्यावर त्यांनी मला पाहिलं. “ये गो. जेवन तयार आसा.”

खोली सारवल्यासारखी स्वच्छ पुसलेली होती. जाजम अंथरलं होतं. भिंतीकडेने केळीची पानं मांडलेली, धुतलेली, पाणी निथळत असलेली. त्यांच्या एकट्यासाठी ती फार होती. मी मोदक देवासमोर ठेवले आणि दाराजवळच्या पहिल्या पानावर बसायला वाकले.

“थंय नको,” मास्तर म्हणाले. “ता दादाचा पान.”

मी सरकले आणि शेजारच्या पानावर बसले. त्यांनी मीठ वाढायला घेतलं. पहिलं दादांच्या पानावर, मग माझ्या, मग त्यांच्या, मग उरलेल्या सगळ्या. भात मात्र दोनच पानांवर वाढला. “बाकीचे येतले तेव्हा वाढतंय,” म्हणाले, आणि सदरा पोटावर सारखा करून माझ्याबरोबर जेवायला बसले. डाळीचं वरण त्यांनी चांगलं केलं होतं. मी तसं म्हटलं. त्यांनी मान हलवली. रस्त्यावरून गाडी गेली की त्यांचा घास हातातच राहायचा, आणि ती पुढे निघून गेली की ते पुन्हा जेवायला लागायचे.